पिंजऱ्याची बाहेरची बाजू

जुन्नरच्या इतिहासात एका इंग्रज डॉक्टरची फेरी नोंदलेली आहे. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य १६७५ च्या उन्हाळ्यात मुंबईहून कल्याण-मुरबाडच्या वाटेने निघून सह्याद्री चढला आणि जुन्नरला पोचला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते; जुन्नर आणि शिवनेरी मात्र मुघलांकडे होते, आणि तेथल्या मुघल अधिकाऱ्याला आपल्या घरच्या दुखण्यांसाठी वैद्य हवा होता. जनानखान्यातील एका स्त्रीची शीर तोडून रक्त काढण्याचा प्रसंग फ्रायरने मोठ्या रंगतीने लिहून ठेवला आहे. मध्ये पडदा, पडद्याला भोक, भोकातून बाहेर आलेला हात. रक्त कसे वाहते हे पाहण्यासाठी आतल्या बायका पडद्यावर रेलल्या, पडदा कोसळला आणि सगळा जनाना परपुरुषासमोर उघडा पडला. त्या क्षणीच्या धांदलीचे वर्णन करताना फ्रायरला उपमा सुचली ती जाळ्यात सापडून फडफडणाऱ्या पाखरांची.

त्याच ग्रंथात, गुजरातकडील वर्णनाच्या ओघात, खरीखुरी पाखरेही येतात. ही अहमदाबादेहून येणारी इवलीशी पाखरे. अंगावरचे ठिपके गोवराच्या पुळ्यांएवढे (वैद्याच्या नजरेला दुसरे काय दिसणार?), एका पिंजऱ्यात पन्नास, त्यांतला एक म्होरक्या सूर धरतो आणि बाकीचे साथ देतात, असे तो सांगतो. ही आपली लाल मनोली. हिंदीभाषक तिला लाल मुनिया म्हणतात. ती ज्या शहरातून विकली जाई त्या शहराचेच नाव तिला युरोपात चिकटले. अहमदाबादचे 'अमदावाद', त्याचे 'अवदावत'. आणि १७५८ मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले तेही त्याच शहराचा अपभ्रंश करून, 'अमंदावा'. भारतातल्या एका बाजारपेठेचे नाव असे पाखराच्या अंगावर कायमचे कोरले गेले. १६९८ मध्ये फ्रायरचा ग्रंथ लंडनला छापून निघाला, तोवर या पाखरांचे पिंजरे जहाजांवर चढू लागले होते.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट जाणवते. दोन्ही ठिकाणी लेखकाची नजर पिंजऱ्याच्या आत लागलेली आहे: आत कोण, किती, कसे फडफडते, कसे गाते. पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला कोण बसले होते, हा प्रश्न त्याला पडत नाही. साहित्यालाही तो क्वचितच पडला. पण ज्या घरात पाखरू आणि मांजर दोन्ही नांदतात त्या घराला हा प्रश्न रोज संध्याकाळी पडतो. आणि फ्रायर जेथे आला त्या जुन्नरच्या पूर्वेला, पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या आळेफाट्याच्या परिसरात, या प्रश्नाला एक वेगळेच वजन आले आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

प्रथम साहित्याचे पाहू. वात्स्यायनाच्या नागरकाच्या शयनगृहाबाहेर क्रीडापक्ष्यांचे पिंजरे आहेत. जेवणानंतर शुकसारिकांना बोलायला शिकवणे हा त्याच्या दिनक्रमाचा भाग आहे. पिंजरे 'बाहेर' आहेत, हा तपशील घरातल्या माणसाच्या लगेच डोळ्यांत भरतो. त्याची टीका करणाऱ्यांना तो भरलेला दिसत नाही. हर्षाच्या 'रत्नावली'त तर सगळे कथानकच पिंजऱ्याच्या दारावर हलते. तबेल्यातून सुटलेले माकड येते, पिंजरा उघडते, सारिका उडते आणि सागरिकेने मैत्रिणीजवळ बोललेले गुपित राजाच्या कानी घालते. येथे उघडा पिंजरा म्हणजे प्रेमाची सोय. उडालेल्या सारिकेचे पुढे काय झाले असेल, याची चिंता नाटककाराला नाही. आधुनिक मराठीत तर 'पिंजरा' या शब्दाला बंधन याखेरीज दुसरा अर्थच उरला नाही. १९७२ मध्ये व्ही. शांतारामांनी तमाशाच्या फडात अडकत गेलेल्या मास्तराची कथा पडद्यावर आणली, तिला दुसरे कोणतेही नाव शोभले नसते. आळेफाट्याहून नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी, हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा या परिसराला त्या शब्दाचा तो अर्थ परका नाही. पिंजरा वाईट, आकाश चांगले; हे समीकरण शाळेच्या निबंधापासून प्रबंधापर्यंत आपण इतक्या वेळा लिहिले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

कथावाङ्मयाने मात्र ते तपासले होते. हितोपदेशातील जरद्गव नावाचे आंधळे गिधाड आणि दीर्घकर्ण नावाचा बोका यांची गोष्ट संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच असेल. झाडावरची पाखरे त्या म्हाताऱ्या गिधाडाला आपल्या घासातला घास देतात आणि मोबदल्यात ते पिलांची राखण करते. बोका येतो, आपण मांसाहार सोडला आहे, चांद्रायण व्रत चालू आहे, असे सांगतो आणि ढोलीत जागा मिळवतो. पिले एकेक करून नाहीशी होतात. हाडे गिधाडाच्या ढोलीत सापडतात. मार खाऊन मरते ते गिधाड. या गोष्टीचे तात्पर्य 'अनोळखी माणसाला थारा देऊ नये' असे पाठ करून घेतले जाते. आम्हांला त्यात राखणदाराची गोष्ट दिसते. बोक्याने बोक्यासारखे वागणे यात नवल काहीच नाही. अपराध आहे तो पहारा त्याच्या शब्दावर सोपवणाऱ्याचा. आजकाल मोबाइलवर मांजर आणि पाखरू एकमेकांना बिलगून बसल्याच्या चित्रफिती फिरतात, लोक त्यांना दाद देतात. चांद्रायण व्रताची ही आजची आवृत्ती आहे असे आम्हांला वाटते.

मराठीची स्वतःची गोष्ट याहून साधी आणि कदाचित अधिक शहाणी आहे. चिऊताईचे घर मेणाचे, काऊदादाचे शेणाचे, आणि पावसात भिजलेला काऊ दारावर थाप मारतो. ही गोष्ट किती जुनी असावी? महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त ती आहे, आणि तेथे चिमणीच्या जागी साळई आहे. म्हणजे सातशेहून अधिक वर्षे मराठी मुले ही गोष्ट ऐकत झोपत आहेत. तिच्यात पिंजरा नाही, पण दार आहे, आणि सगळी गोष्ट त्या दाराची आहे. दार लगेच उघडायचे नाही, बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, अशा सबबी सांगत राहायचे. आम्हांला लहानपणी चिऊताई थोडी निष्ठुर वाटे. ती आपल्या घरट्याची बाहेरची बाजू सांभाळत होती हे कळायला घरात पाखरू असावे लागते.

आता पाखराचे. आळेफाट्याच्या आसपास बाजरीच्या, उसाच्या आणि गवताच्या बांधांवर ठिपकेवाली मनोली थव्याने उतरते. कोरड्या माळावर साधी मनोली दिसते. ही पाखरे पिंजऱ्यात पाळता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पाखरांना संरक्षण दिले आणि १९९१ च्या दुरुस्तीने त्यांच्या व्यापाराचे उरलेले दरवाजेही बंद केले. ('पिंजरा' चित्रपट आणि हा कायदा एकाच वर्षीचे, हा निव्वळ योगायोग.) व्यापार थांबला असे मात्र झाले नाही. मुनियांचा चोरटा बाजार पुढेही अनेक वर्षे मोठा राहिला. साध्या तपकिरी मनोलीला रंग फासून ती परदेशी म्हणून विकणे ही त्या बाजाराची जुनी युक्ती. सणावाराला पाखरे विकत घेऊन पुण्यासाठी सोडण्याची चाल याच बाजाराला पोसते, कारण सोडण्यासाठी आधी कोणीतरी धरावी लागतात, आणि धरताना किती मेली याचा हिशेब पुण्यात धरला जात नाही.

दुकानात 'फिंच' म्हणून जी कायदेशीर मिळतात ती निराळी. सर्वांत अधिक दिसते ती झेब्रा फिंच, चोच लाल, नराच्या गालावर नारिंगी ठिपका, वजन दहा-बारा ग्रॅम. ही मूळची ऑस्ट्रेलियाची. त्या देशाने आपल्या वन्य पक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६० मध्येच बंद केली. आपल्याकडे येतात ती पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेली. अशा पाखराचे दार उघडून त्याला 'मुक्त' करणे म्हणजे कावळा, शिक्रा आणि शेजारचा बोका यांच्या हवाली करणे. निबंधातले समीकरण येथे मोडते. जावा चिमणी नावाचे याच कुळातले मोठे, करड्या रंगाचे पाखरू मात्र आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा जातींची सरकारकडे नोंदणी करावी लागते. ते घेणाऱ्याने ही चौकशी आधी करावी.

यांतले तिसरे पाखरू बंगाली फिंच. तिचा बंगालशी काही संबंध नाही. पांढऱ्या पाठीच्या मनोलीची चीनकडची पाखरे अठराव्या शतकात जपानात नेली गेली आणि तेथे सुमारे अडीचशे वर्षे पिंजऱ्यात वाढवली गेली, त्यांची ही संतती. आणि पांढऱ्या पाठीची मनोली हे आपल्या सह्याद्रीतलेही पाखरू आहे. फ्रायर ज्या घाटवाटांनी जुन्नरला आला-गेला त्यांच्या कडेच्या झाडीत ती आजही गवताचे बी टिपते. म्हणजे आळेफाट्यावरच्या एखाद्या घरात टांगलेल्या पिंजऱ्यातली ही फिंच आपल्या रानटी चुलतबहिणींपासून फार दूर नाही.

पण दोघींचे गाणे सारखे नाही. काझुओ ओकानोया या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून या दोन पाखरांच्या गाण्याचा तौलनिक अभ्यास केला. रानातल्या नराचे गाणे सरळ रेषेत जाते: ठरलेले स्वर, ठरलेला क्रम, पुन्हा तेच. पिंजऱ्यातल्या नराच्या गाण्यात फाटे फुटतात. एका स्वरानंतर दोन-तीन वेगवेगळ्या वाटा संभवतात, आणि तो कधी ही, कधी ती वाट घेतो. पाळणाऱ्यांनी हे गाण्यासाठी निवडून वाढवले, असेही नाही. त्यांनी पाहिला तो पिसांचा रंग आणि पिले सांभाळण्याचा गुण. मग गाणे समृद्ध का झाले? ओकानोयाची मांडणी अशी की रानात लांबलचक, गुंतागुंतीचे गाणे गाणाऱ्यावर शिकारी लवकर झडप घालतो, आणि इतर जातींच्या मिश्र थव्यात आपली ओळख पटवायला गाणे ठराविक असावेच लागते. पिंजऱ्यात हे दोन्ही धाक गेले, आणि गाणे मोकळे झाले. पुढे या पाळीव पाखरांच्या शरीरात भीतीशी निगडित संप्रेरकाची पातळी रानटी पाखरांपेक्षा कमी असल्याचेही आढळले. साहित्याच्या विद्यार्थ्याने या निष्कर्षाजवळ थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. पिंजऱ्यात गाणे कोमेजते असे आपण शंभर कवितांतून शिकलो. येथे गाणे बहरते, पण एका अटीवर: पिंजऱ्याबाहेर मांजर नसले पाहिजे. या सिद्धान्ताला तज्ज्ञांत अन्य पर्यायही सुचवले गेले आहेत; तरी ती अट कोणी खोडून काढलेली नाही.

कारण मांजराने पिंजऱ्याला पंजा न लावताही नुकसान होते. २०११ मध्ये कॅनडात लियाना झानेट आणि तिच्या सहकाऱ्यांनी रानातल्या गाणाऱ्या चिमण्यांवर एक प्रयोग केला. घरट्यांभोवती जाळ्या आणि विजेची कुंपणे घालून खरे शिकारी दूर ठेवले, आणि ध्वनिवर्धकावरून फक्त त्यांचे आवाज ऐकवले. ज्यांनी शिकाऱ्यांचे आवाज ऐकले त्या पाखरांची पिले ४० टक्क्यांनी कमी झाली. कोणालाही कोणी खाल्ले नव्हते. पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून तासन्‌तास टक लावणारी मनी 'काही करत नाही' असे घरातली माणसे सांगतात, तेव्हा हा आकडा आठवावा. फिंच त्या वेळी गप्प होते, दांडीवर चिकटून बसते, दाणे टिपायला खाली उतरत नाही. हे शांतपणाचे लक्षण समजले जाते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की पिंजरा हे एक दार झाले, आणि एका दाराने भागत नाही. फिंचसाठी स्वतंत्र खोली असावी, तिचे दार लागणारे असावे, आणि ते लावण्याची सवय घरातल्या सर्वांना असावी, पाहुण्यांनाही. दाराच्या आत शिरून मागचे लावल्यावरच पिंजऱ्याचे उघडायचे. किल्ल्यांच्या बांधणीत मुख्य दरवाजा ओलांडल्यावर वळण घेऊन पुढे दुसरा दरवाजा असे. त्यातला विचार हाच आहे. शिवनेरीची सात दारे चढून गेलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको.

पिंजऱ्याची निवड हा दुसरा भाग. बाजारात मिळणारा गोल, उंच, घुमटाचा पिंजरा फिंचच्या कामाचा नाही. ती पोपटासारखी चढत नाही. ती आडवी उडते, म्हणून पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक हवा. गजांमधली फट अर्ध्या इंचापेक्षा कमी असावी, कारण मोठ्या फटीतून एक तर फिंचचे डोके बाहेर येते किंवा मांजराचा पंजा आत जातो. पंजा आत न गेला तरी नख्या पुरतात: घाबरलेली फिंच रात्री अंधारात धडपडते आणि नेमकी गजांनाच येऊन लटकते. यासाठी पिंजऱ्याच्या बाहेर वीतभर अंतरावर वेल्ड केलेल्या जाळीची दुसरी चौकट उभी करणे हा उपाय आम्हांला सर्वांत भरवशाचा वाटतो. गावातला कोणीही फॅब्रिकेशनवाला ती करून देतो. वर सरकवायची दारे मांजर नाकाने उचलते, त्यांना चिमटा किंवा कडी हवी. खालचा ट्रे ओढला की निघतो. पिंजरा पडला तर तो सर्वांत आधी सुटतो आणि पाखरे त्या फटीतून बाहेर येतात. म्हणून पिंजरा टांगू नये. टांगलेला पिंजरा मांजराला झोपाळा वाटतो, आणि माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत त्याची उडी सहज पोचते. भिंतीला पक्का केलेला लोखंडी ब्रॅकेट, एक बाजू भिंतीला टेकलेली, जवळ कपाट वा पलंग नाही, अशी जागा असावी. रात्री पिंजऱ्यावर सुती कापड आणि खोलीत मंद दिवा, म्हणजे कशाने दचकली तरी पाखराला दांडी दिसते.

मांजराने फिंचला तोंडात धरले आणि सोडून दिले, रक्त दिसत नाही, पाखरू उडते आहे, असे झाले तर 'वाचली' म्हणून सोडून देऊ नये. मांजराच्या लाळेत आणि दातांवर पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, सुईच्या टोकाएवढ्या जखमेतून ते रक्तात उतरतात आणि दहा ग्रॅमचे पाखरू एक-दोन दिवसांत दगावते. ताबडतोब पशुवैद्याकडे नेऊन प्रतिजैविक सुरू करणे हाच मार्ग. जखम शोधत बसण्यात वेळ घालवू नये.

मांजराच्या बाजूनेही बोलायला हवे. त्याला खलनायक करून प्रश्न सुटत नाही. पोट भरलेले मांजर शिकार करीत नाही हा समज चुकीचा आहे, आणि घुंगरू बांधणे हा त्याच समजुतीचा धाकटा भाऊ. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घुंगराचा काहीच परिणाम दिसला नाही. मांसयुक्त सकस आहार दिलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी घटल्या, आणि रोज पाच-दहा मिनिटे दोरी-पिसाने खेळवलेल्या मांजरांच्या २५ टक्क्यांनी. दूध-भाकरीवर वाढलेल्या आपल्या मांजरांना हा पहिला उपाय खर्चिक वाटेल. दुसरा फुकट आहे. यामुळे मांजर साधू होत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

येथवरचे सारे पुण्याच्या सदनिकेलाही लागू पडेल. आळेफाट्याला त्यात एक भर पडते. मराठीत मांजराला वाघाची मावशी म्हणतात, आणि जुन्नर-आंबेगावात या मावशीचा एक भाचा उसात राहतो. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाटाचे पाणी आले, ऊस उभा राहिला आणि त्या उसात बिबट्या पिले घालू लागला. या भागात 'पिंजरा' हा शब्द आज ज्या वाक्यात सर्वांत अधिक ऐकू येतो ते वाक्य तमाशाचे नाही, पोपटाचेही नाही. ते आहे 'वन खात्याने पिंजरा लावावा'. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूर नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास केला, तेव्हा दिसले ते उलटेच. माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. पिंजऱ्यात घालून परक्या मुलुखात सोडलेले जनावर अधिक धोक्याचे ठरले. माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रात अनेक बिबटे आता कायमचे पिंजऱ्यात आहेत. २०२५ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गेली, लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले, आणि काही गावकरी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले. कोण आत आणि कोण बाहेर, याची सगळी मांडणीच तेथे फिरली.

आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. माणसाने जनावराला इतका मान दिल्याची दुसरी जागा शोधून सापडणार नाही, आणि तिच्याच भोवतालच्या उसात आज हे चालले आहे. असो.

मांजराच्या दृष्टीने पाहिले तर मावशी सुरक्षित नाही. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार मोजला. खाल्लेल्या मांसात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के, आणि घरची मांजरेही त्या यादीत होती. म्हणून या पट्ट्यातली शहाणी घरे दिवेलागणीला मांजर आत घेतात आणि दारे लावतात. पूर्वी रात्रभर वळचणीला, खळ्यावर उंदीर मारीत फिरणारी मनी आता संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत घरात कोंडलेली असते. तिचा शिकारीचा खरा वेळ पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा, आणि नेमक्या त्याच वेळी ती फिंचच्या पिंजऱ्याबरोबर एका छपराखाली असते. बाहेरच्या पिंजऱ्याचे दार लागले की आतल्या पिंजऱ्यावरचा धोका वाढतो. पिंजराही आता पडवीत ठेवता येत नाही. वात्स्यायनाच्या नागरकाची ती चैन या मुलखात परवडणारी नाही, कारण पडवीत रात्री घूस येते, धामण येते, आणि कुत्र्याच्या वासावर तो भाचाही येतो.

ज्या घरात तीन खोल्या आहेत तेथे उत्तर कठीण नाही. एक खोली पाखरांची, तिचे दार मांजर आत घेण्याच्या आधी लावायचे. क्रम हाच ठेवायचा, उलटा नाही. मांजर घरात आल्यावर दहा मिनिटे त्याला खेळवायचे, मग खायला घालायचे, म्हणजे ते झोपते. पहाटे दार उघडून मांजर बाहेर गेल्याशिवाय पाखरांची खोली उघडायची नाही. दोन खोल्यांच्या घरात हे साधत नाही. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये बहुधा दारच नसते, असते ती चौकट आणि तिला पडदा. तेथे जाळीचे फळीवजा दार बसवून घेता येत असेल तर बसवावे. ते जमत नसेल, तर मांजर आधीपासून असलेल्या घरात फिंच आणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि आणली असेल तर ज्या घरी मांजर नाही अशा नात्यातल्या घरी जोडीने द्यावी, एकटी देऊ नये. ती थव्याची पाखरे आहेत. मुलांना पाखरे पाहायची असतील तर बाजरी हुरड्यात येते तेव्हा बांधावर मनोल्यांचा थवा उतरतोच. अंधार पडण्याआधी परत यायचे, एवढेच.